डग्ग्याचा घुमारा आणि बारा बाय दहाची खोली

पुण्यातल्या आमच्या सदनिकेतील बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली मी केवळ संगीत ऐकण्यासाठी राखून ठेवली आहे. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरवर भरपूर खर्च करूनही तबल्याचा डग्गा तिथे गायकाला झाकून टाकत असे, म्हणून खोलीचे ध्वनिकाम करून देणाऱ्या एका स्थानिक सेवेला बोलावले. एकूण ६२,००० रुपये लागले.

आलेल्या तंत्रज्ञाने पहिल्या भेटीत काहीही विकायचा प्रयत्न केला नाही, हे मला विशेष आवडले. मी बसतो तिथे कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवून त्याने आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरवर खर्जापासून चढत जाणारा स्वर वाजवला आणि आलेखावर ४७ व ९४ हर्ट्झच्या आसपास उभे राहिलेले दोन उंचवटे दाखवले. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर बारा फुटांत ४७ हर्ट्झची अर्धी आणि ९४ हर्ट्झची पूर्ण लाट मावते. हे स्वर भिंतींलगत सर्वांत जोरकस असतात, आणि माझी खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली होती. ती साडेचार फूट पुढे ओढताच निम्मे दुखणे फुकटात गेले.

मग आरशाचा खेळ झाला. मदतनीस बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत होता आणि मला खुर्चीतून जिथे स्पीकर दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करत होता. त्या खुणांवर चार बाय दोन फुटांचे, चार इंच जाडीच्या रॉकवूलचे (दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या लोकरीचे), खादीने मढवलेले पॅनेल भिंतीपासून दोन इंच अंतर सोडून बसवले आणि कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत तेच साहित्य भरले. मी पूर्वी हौसेने चिकटवलेला एक इंची फोम त्यांनी काढायला लावला. तो फक्त वरचे स्वर गिळत होता आणि घुमारा तसाच ठेवत होता.

दुसऱ्या मोजणीत ९४ चा उंचवटा बराच बसला. ४७ चा मात्र थोडासाच उतरला, कारण त्या लाटेचा चतुर्थांशच सहा फुटांचा, त्यापुढे चार इंचांचे काय चालणार! तरीही पूर्वी डग्ग्यात बुडणारी तंबोऱ्याची खर्जाची तार आता स्वतंत्र ऐकू येते.

तक्रारी दोन आहेत. काम तीन आठवडे लांबले, आणि एका पॅनेलला मागून कापड न लावल्यामुळे रॉकवूलचे तंतू खाली झडत होते. चार फोन केल्यावर ते बदलून मिळाले. शिवाय नोंदणीच्या वेळी फोनवरच्या व्यक्तीने खोली ‘साउंडप्रूफ’ होईल असे सांगितले होते, ते साफ चुकीचे आहे. हे पॅनेल खोलीतला प्रतिध्वनी शोषतात, आवाज अडवत नाहीत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मला विलंबित ख्यालात अजूनही मोजता येतात.