एम-वनच्या केटीनंतर: स्ट्राउडच्या ठोकळ्यासोबत आठ महिने

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण स्ट्राउडचं ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक कुणाला लागू पडेल ते त्यावरच ठरतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला गणितात काठावर, आणि पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, राहिला आणि केटी लागली, म्हणजे तो पुन्हा द्यायची वेळ आली. फूरिए सिरीजने घात केला असणार असं धरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. निघालं भलतंच. मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढण्याची रीत बरोबर होती, पण डिटरमिनंट उलगडताना एक वजा चिन्ह गिळलं होतं. दुसरीकडे १/(एक्स+२) चे मी खुशाल १/एक्स + १/२ असे तुकडे केले होते. एक्सच्या जागी २ घालून बघा: डावीकडे पाव, उजवीकडे चक्क एक! म्हणजे माझी केटी एम-वनची नव्हतीच, आठवी-नववीच्या बीजगणिताची होती.

अप्पा बळवंत चौकात के. ए. स्ट्राउड यांचं ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ जुनं मिळालं. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत शिकवणाऱ्या या माणसाचं पुस्तक पहिल्यांदा १९७० साली आलं. माझी प्रत नंतरची, डेक्स्टर बूथ यांचंही नाव असलेली. पाने हजाराच्या वर, त्यामुळे सॅकमध्ये घालून नेण्याचा विचार सोडा.

यात नेहमीसारखे सलग धडे नाहीत, क्रमांक दिलेल्या चौकटी आहेत. एका चौकटीत थोडंसं सांगून लगेच प्रश्न विचारतात आणि उत्तर पुढच्या चौकटीच्या माथ्यावर असतं. ते झाकायला काहीतरी हवंच. मी मावसबहिणीच्या लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा वापरला. पहिले दोन आठवडे पत्रिका न ठेवताच वाचत होतो आणि सगळं येतंय असं वाटत होतं. पत्रिका ठेवली त्या दिवशी दहातली चार उत्तरं चुकली.

सुरुवातीचा पायाभूत भाग हाच माझ्यासाठी पैसे वसूल करणारा. प्रत्येक प्रकरणाआधी छोटी क्विझ असते आणि कुठला प्रश्न अडला तर कुठल्या चौकटींकडे जायचं तेही दिलेलं असतं. अपूर्णांकाच्या क्विझला मी हसलो होतो. घातांक आणि लॉगला हसू गेलं. भाषेचं म्हणाल तर ‘सहगुणक’, ‘छेद’ डोक्यात पक्के असलेल्याला कोइफिशंट, डिनॉमिनेटर इथे आपोआप सवयीचे होतात. वाक्यं छोटी आहेत, शेजारी बसून कुणी बोलावं तशी.

सर्वात जास्त वेळ रेडियनवर (कोन मोजायचं डिग्रीसारखंच दुसरं एकक) गेला आणि तो गेला तेच बरं झालं. साइन एक्सचं विकलन कॉस एक्स हे बारावीपासून पाठ होतं, पण ते कोन रेडियनमध्ये असेल तरच खरं, हे कधी मनावर घेतलं नव्हतं. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवून एक्स अगदी लहान घ्या आणि साइन एक्स भागिले एक्स करून बघा: रेडियनमध्ये येतं तसं १ च्या जवळ येत नाही, ०.०१७४५ येतं. तेच π/१८०. हे कळलं त्या रात्री मेसमध्ये पानात काय होतं ते आठवत नाही.

आता तक्रारी. आयत्या वेळी एखादं सूत्र शोधायचं तर चौकटींच्या जंगलात हरवायला होतं, संदर्भ म्हणून हे पुस्तक गैरसोयीचं. सिद्धतांवर भर नाही. एंड-सेमच्या ७० मार्कांना प्रश्न कसे येतात याच्याशी त्याचा काही संबंध नाही, रोलचं प्रमेय आणि मीन व्हॅल्यू प्रमेयासाठी मी कॉलेजच्या नोट्स आणि जुने पेपरच घोटले. ‘जमतंय का’ म्हणून १ ते ५ गुण स्वतःला द्यायचे तक्ते आहेत, तिथे मी निर्लज्जपणे ५ ठोकत आलो. आणि वेळ! रोज पाऊण तास देऊनही पायाभूत भाग संपायला अडीच महिने लागले. परीक्षा तीन आठवड्यांवर असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या माझ्या रूममेटला सुरुवातीचा भाग कंटाळवाणा वाटला, त्याने मॅट्रिक्सपासून पुढेच वाचलं. ज्याचं बीजगणित पक्कं आहे त्याने तसंच करावं.

एम-वन सुटला, ५२ मार्क. फार नाहीत, पण या वेळी फोटोकॉपी मागवावीशी वाटली नाही. पुस्तक सध्या खालच्या मजल्यावरच्या ज्युनिअरकडे आहे. पत्रिकेचा तुकडा मात्र मी काढून घेतला, त्याने स्वतःचा शोधावा.