जिप्सीचं क्लच आणि इंजिन: घरी की गॅरेजात?

जुन्या मारुती जिप्सीचं क्लच घरी बदलावं, असं माझं ठाम मत आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, वेगळी बसवलेली असते. ती जागेवर ठेवून मधला छोटा शाफ्ट काढला की गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घेता येतो. गाडी भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीच नको. गिअरबॉक्स उतरवायला दुसरा माणूसही हवाच. गॅरेजात हेच काम दिवसभरात होतं, घरी शनिवार-रविवार जातो. पण घाई असली की मिस्त्री बहुधा फक्त क्लच प्लेट बदलतो. आपण मात्र तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंगही एकदमच बदलतो, क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या फ्लायव्हीलचा पृष्ठभाग निरखतो, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून तेल गळतंय का तेही बघतो. इतकं उघडल्यावर हे सोडणं म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची तयारी.

इंजिनाचं तसं नाही. नंतरच्या जिप्सींतलं १२९८ सीसीचं हे इंजिन साधं आहे. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवणं, त्याखालची गॅस्केट बदलणं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळणं घरी जमतं. पण सिलिंडरची झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून गुळगुळीत करणं), हेडचा पृष्ठभाग सपाट करणं ही मशीन शॉपचीच कामं. इंजिन स्वतः उतरवून सुटे भाग तिथे न्या. ओव्हरसाइज (मूळ मापाहून किंचित मोठे) पिस्टन मात्र आधी विकत घ्या, कारण बोअर त्यांच्या मापानेच करतात.