गोलाईतून आणलेला ५०० पिसचा ब्लॉक बॉक्स : छोट्या रोबोटसाठी घ्यावा का?

सुट्टीत लेकराला काहीतरी द्यायचं म्हणून लातूरला गंजगोलाईतल्या एका खेळण्याच्या दुकानातून ५०० पिसचा ब्लॉक बॉक्स घेतला, ६५० रुपयांना. लेगोसारखाच दिसणारा, पण लेगो नाही. आम्हा बापलेकाला छोटे रोबोट बनवायचा लई नाद, तळहातावर उभा राहील एवढेच, १०-१२ सेंटीमीटरचे, त्यामुळं हा रिव्ह्यू त्याच हिशोबानं वाचा. घर, गाडी, ट्रॅक्टर बनवायचा असेल तर बिनधास्त घ्या, रंग चांगले आहेत.

५०० आकडा बघून मीच भाळलो होतो. घरी येऊन सतरंजीवर सगळं ओतलं नि निवडत बसलो तर निम्म्याच्या वर नुसते २ बाय ४ नि २ बाय २ बटणांचे (बटण म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) जाड ठोकळे. एवढ्याशा रोबोटच्या पोटात जाड ठोकळा एखाददुसराच बसतो. लागतात त्या चपट्या प्लेटा, आडवी बटणं असलेले ब्रॅकेट, क्लिपा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत गोळी बसवलेला, कुठंही वळणारा सांधा. ते निघाले मोजून आठ. दोन खांदे, दोन कोपर, दोन खुबे, दोन गुडघे, संपले! घोटे तसेच ताठ ठेवले आणि मान गोल प्लेटवर नुसती फिरती ठेवली.

बरं ते आठही ढिले. उजवा हात वर करून ठेवला की बघता बघता खाली यायलाय, लेकरू म्हणालं "पप्पा, याला झोप यायलीय". खांद्याचं एकवेळ चालतंय हो, पण खुबा ढिला असला की अख्खा रोबोट मांडी घालून बसतो, कितीही चांगलं डिझाईन करा.

दुसरी गोष्ट मापाची, ही जरा नीट सांगतो कारण इथंच खरी मजा आहे. लेगोमध्ये एका बटणाची जागा ८ मिमी आणि चपटी प्लेट ३.२ मिमी जाड. म्हणजे ५ प्लेटा एकावर एक रचल्या की १६ मिमी, बरोबर २ बटणांची रुंदी. त्यामुळं प्लेटा आडव्या करून छातीत बसवल्या तरी फट राहत नाही, छोट्या रोबोटची छाती, खांदे, तोंड सगळं याच गणितावर उभं राहतं. या बॉक्समधल्या पाच प्लेटा तशाच आडव्या घातल्या तर एका बाजूला नख जाईल एवढी फट राहिली. भिंतीत असली फट दिसत नाही, रोबोटच्या छातीत लगेच डोळ्यात भरते.

घरात लेगो क्रिएटरचा ३११२४ नंबरचा सुपर रोबोट होता, त्यात पिस १५९ च, पण त्याच पिसांचा रोबोट होतो, ड्रॅगन होतो नि जेट विमानही होतं. त्याचे जॉइंट काढून आमच्या रोबोटच्या खुब्याला लावले आणि लगेच एका पायावर उभा राहिला की! लेकरानं घरभर सगळ्यांना बोलावून दाखवलं. नंतर पाठीवर जेटपॅक लावला तर मागं कलंडायला लागला, मग टाच एक बटण मागं वाढवली, झालं.

ज्यांनी हा बॉक्स आधीच घेतलाय त्यांनी बॉलवर पारदर्शक नेलपेंटचा एकच पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या, ओलं असताना जोडलं तर कायमचं चिकटेल. आम्ही असंच केलं, पकड बरीच सुधारली. फक्त जास्त झालं म्हणून रिमूव्हरनं पुसायला जाऊ नका, त्यात ॲसिटोन असलं तर असले ठोकळे ज्याचे बनतात ते एबीएस प्लास्टिकच विरघळतं.

दुकानदार काका मात्र भला माणूस, एक डोक्याचा पिस चिरलेला निघाला तर बिल न बघता दुसऱ्या बॉक्समधला काढून दिला.

रोबोटसाठी ५ पैकी २, बाकी खेळायला साडेतीन. घ्यायला गेलात तर पिस किती ते सोडा, बॉक्सच्या मागच्या फोटोत जॉइंट नि ब्रॅकेट किती दिसतात ते मोजा. आणि लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगरात सुटे बॉल जॉइंट कुठं मिळत असतील तर खाली नक्की सांगा, दुसऱ्या रोबोटचे पाय तसेच पडून आहेत.