पियानो की बॅटन? नागपुरातून ठरवताना

बारावीनंतर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातच जायचं हे एकदा घरी कबूल झालं, की पियानोवादक व्हायचं की कंडक्टर (हातातल्या बॅटनने, म्हणजे छडीने, ऑर्केस्ट्रा चालवणारा), एवढाच घोळ उरतो. माझा कौल आधी पियानोला. कंडक्टिंग सोडू नये, मागाहून धरावं.

पियानो घरात मावतो, ऑर्केस्ट्रा मावत नाही. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता १९५४ मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले खरे, पण बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा त्यांच्या वडिलांनीच उभा केलेला होता. तालमी ऐकतच ते वाढले. नागपूरच्या धरमपेठेत वाढणाऱ्या पोराला ती सोय नाही. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (स्थापना २००६) ऐकायचा तर विदर्भ एक्सप्रेसने रातोरात जावं लागतं.

पियानोत वय मात्र आडवं येतं. वॉर्सॉच्या शोपॅन पियानो स्पर्धेला साधारण तिशीपर्यंतच उतरता येतं, आणि तिथे येणारी पोरं पाच-सहा वर्षांची असल्यापासून पियानोवर बसलेली असतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची आठवी, म्हणजे शेवटची, ग्रेड झाली की आपल्याकडे पेढे वाटतात. युरोपातल्या प्रवेश परीक्षेत मात्र बाखचं प्रिल्यूड-फ्यूग, एखादा सोनाटा आणि शोपॅनची एत्यूद अशा सगळ्या रचना पाठ वाजवाव्या लागतात. कंडक्टरला सवड जास्त असते. कोपनहेगनच्या माल्को स्पर्धेची वरची मर्यादा ३५ आहे.

पण कंडक्टिंगच्या प्रवेशालाही पियानो सुटत नाही. समोर अख्ख्या ऑर्केस्ट्राचा स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली स्वरलिपी) ठेवतात आणि वाजवा म्हणतात. त्यात काही वाद्यांचा लिहिलेला स्वर एक आणि वाजणारा दुसराच: सी म्हणजे सा धरला, तर बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या ओळीत सा लिहिलेला असला तरी ऐकू येतो खालचा कोमल नी. एफ हॉर्नचा लिहिलेला सा म्हणजे प्रत्यक्षात मंद्र मध्यम. व्हायोलाची क्लेफच (कुठल्या रेषेवर कुठला स्वर, हे सांगणारी खूण) वेगळी. हे सगळं डोक्यात फिरवत दहा बोटांत बसवायचं. याची तयारी नागपुरात, एकट्याने, आजपासून करता येते. स्कोअर इंटरनेटवर फुकट मिळतात.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे सुरुवातीला खडखडाटच. पगाराची वाट मधूनच जाते: जर्मन ऑपेरागृहांत गायकांची तालीम पियानोवर घेणारा कोरेपेटिटोर असतो आणि तिथूनच बरेच जण कंडक्टर होतात. नामवंत कंडक्टर जॉर्ज शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात असेच वर आले. आजचा लाहाव शानी (जन्म १९८९) मूळचा पियानोवादक. २०१३ मध्ये बांबेर्गची कंडक्टरांची मालर स्पर्धा जिंकली, २०२० पासून इस्रायल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रामध्ये मेहतांच्या जागी आला, आणि अजूनही मैफलीत पियानो वाजवता वाजवताच कंडक्ट करतो.

वाद्य घेताना घाई नको. नागपूरचा मे कोरडा ठणठणीत, त्यात कूलरचा ओलावा, मग जुलै. पियानोचा लाकडी साउंडबोर्ड (आवाज घुमवणारी फळी) फुगतो-आक्रसतो आणि सूर बिघडतात. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो पहिली काही वर्षं चालतो. ऑडिशनआधी काही महिने मात्र खऱ्या ग्रँड पियानोवर हात बसवायलाच हवा, त्यासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागल्या तरी.

कंडक्टिंगची ओढ खरी आहे का, हे बघायला बॅटनही लागत नाही. चर्चचा कॉयर किंवा कॉलेजातले आठ-दहा गाणारे मित्र जमवा. तोंडाने एक-दोन-तीन न म्हणता, नुसत्या हाताने सगळ्यांना एकदम सुरू करून दाखवा. ते जमलं, आणि आल्टो (खालच्या पट्टीत गाणारी मुलगी) सुरातून घसरतेय हे तिच्याकडे न बघताच कळलं, तर प्रवेशाच्या अर्जात कंडक्टिंगचा पर्यायही खुशाल भरा.