क्रॉनमध्ये ‘परमिशन डिनाइड’: रूटचा क्रॉनटॅब की स्वतःचा?

लिनक्सवर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रात्री २ वाजता बॅकअपची स्क्रिप्ट लावली, सकाळी लॉगमध्ये एकच ओळ: परमिशन डिनाइड. बहुतेक जण लगेच ‘सुडो’ (रूटच्या अधिकाराने चालवणारी कमांड) लावून रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) उघडतात. काम दोन मिनिटांत होतं, हे खरं. पण त्यातून तयार होणाऱ्या फाइल रूटच्या मालकीच्या होतात. उद्या त्यातलीच एखादी बदलायला गेलात की पुन्हा तीच एरर. शिवाय ती स्क्रिप्ट साध्या युजरला बदलता येत असेल, तर त्याच्या हातात अख्ख्या मशीनची किल्ली दिलीत. हा धोका मला फार मोठा वाटतो.

स्वतःच्या क्रॉनटॅबला शोधाशोध जास्त लागते. स्क्रिप्टला एक्झिक्यूट परमिशन आहे ना, ते ‘एलएस -एल’ने बघा, नसेल तर ‘सीएचमॉड ७५०’ने ती द्या. तरीही अडलं तर वाटेतला प्रत्येक फोल्डर तपासा. त्यातल्या एका जरी फोल्डरवर एक्झिक्यूट परमिशन नसेल, तर आतली फाइल हाती लागत नाही. लॉग थेट ‘/वार/लॉग’ या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये लिहू नका, तिथे साध्या युजरला सहसा लिहिता येत नाही; होम फोल्डरमध्ये लिहा.

सर्व्हिस रीस्टार्ट करायची किंवा सगळ्या युजरचा डेटा उचलायचा असेल तर रूट घ्या, पण स्क्रिप्टची मालकीही रूटकडेच ठेवा. बाकी सगळं स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये.