रिकाम्या पिशव्या मोजून घ्या

घर जुनं, एकमजली. छप्पर उतरतं, त्याखाली माळ्याची मोकळी पोकळी, भिंती दुहेरी विटांच्या आणि दोन विटांच्या मधे सहा सेंटिमीटरची फट. हिवाळ्यात खोल्या तापता तापत नाहीत म्हणून घरमालकांनी इन्सुलेशन, म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये म्हणून माळ्यावर आणि भिंतींत घालायचा थर, करून घेतलं. काम तीन दिवसांत उरकलं, पैसेही पूर्ण दिले गेले. पहिल्याच हिवाळ्यात खोल्या होत्या तशाच गार राहिल्या, आणि माळ्याच्या लाकडांवर आधी कधी नव्हती ती काळी बुरशी आली. मग माळा उघडला, भिंतीला भोक पाडून आत पाहिलं, तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली. हीच फसवणूक याच पद्धतीने कुठल्याही घरात होऊ शकते, म्हणून तपशिलात लिहीत आहोत.

इन्सुलेशनचं काम म्हणजे झाकली मूठ. रंग पोपडा धरतो, नळ गळतो, ते डोळ्यांना दिसतं. इन्सुलेशन त्याच दिवशी लाकडाखाली, प्लास्टरमागे जातं आणि पुन्हा कुणी बघत नाही. फसवणारा याच एका गोष्टीवर चालतो.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: माळ्यावर सेल्युलोज, २५ सेंटिमीटर. सेल्युलोज म्हणजे वर्तमानपत्राच्या रद्दीचा प्रक्रिया केलेला भुगा, तो पाइपमधून फुंकून पसरवतात. माल चांगला, निवड योग्य. काम झालं त्या दिवशी पट्टी लावली तर थर २५ सेंटिमीटरच भरला. हिवाळा संपताना तीच पट्टी १५ दाखवत होती, आणि कोपऱ्यात तर ८.

कारण हवेत आहे. फुंकणाऱ्या यंत्रात हवा वाढवली आणि माल कमी सोडला की तोच भुगा फुलून दुप्पट दिसतो. मग आपल्याच वजनाने बसत जातो. नीट घातलेला थरही थोडा बसतोच, दहा ते वीस टक्के, म्हणून चांगला कारागीर सुरुवातीलाच तेवढा जास्त घालतो. त्यामुळे जाडी हे माप एकट्याने निरुपयोगी आहे. खरं माप वजनाचं. सपाट माळ्यावर सेल्युलोजची घनता साधारण २८ ते ३५ किलो प्रति घनमीटर लागते. या घराचा माळा ६० चौरस मीटर. ६० गुणिले ०.२५ म्हणजे १५ घनमीटर, त्याला ३० किलोने गुणलं की ४५० किलो. साडेबारा किलोची पिशवी असेल तर ३६ पिशव्या. बिलाबरोबरच्या पावतीत पिशव्या होत्या २२, म्हणजे २७५ किलो. तेवढ्या मालात बसल्यानंतरची जाडी १५ सेंटिमीटरच येणार, आणि तेवढीच आली. हा हिशेब पहिल्या दिवशी पाच मिनिटांत करता आला असता. पिशवीवर उत्पादकाचा तक्ता छापलेला असतो: अमुक जाडीला इतक्या चौरस मीटरमागे इतक्या पिशव्या, बसल्यानंतरची जाडी इतकी. काम सुरू होण्यापूर्वी भरलेल्या पिशव्या मोजा, संपल्यावर रिकाम्या मोजा, आणि रिकाम्या पिशव्या पैसे चुकते होईपर्यंत घरातच ठेवून घ्या. गाडीत राहिलेल्या पिशव्या 'वापरल्या' म्हणून सांगता येतात, तुमच्या कोपऱ्यात रचलेल्या नाही.

मोजपट्ट्याही खोट्या असू शकतात. माळ्यावर जागोजागी उभ्या केलेल्या पट्ट्यांचा शून्य छताच्या फळीला टेकलेला हवा. इथे तो तसा नव्हता, आणि माळ्यावर चढायच्या झाकणाभोवती भुगा मुद्दाम उंच ढिगासारखा ओतला होता. डोकं वर काढून पाहणाऱ्याला तेवढंच दिसतं. तिथून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात रांगत जाऊन पट्टी फळीपर्यंत खुपसून बघावी.

आता झाकणाबद्दल. ते झाकण, भिंतीलगतची कडेची पट्टी आणि पाण्याच्या टाकीभोवतीची जागा तशीच उघडी सोडली होती, मिळून साधारण ३ चौरस मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नीट झाकलेल्या चौरस मीटरमधून आत-बाहेरच्या एका अंशाच्या फरकाला साधारण ०.१६ वॉट उष्णता जाते, उघड्यामधून सुमारे २ वॉट. म्हणजे ५७ चौरस मीटरमधून ९ वॉट आणि या तिनातून ६. पाच टक्के जागा सोडली आणि गळती दीडपटीहून जास्त झाली.

त्याहून वाईट, फटी बुजवल्याच नव्हत्या. वायरी, पाइप, चिमणी जिथे छतातून वर जातात तिथे बोटभर भोकं असतात. त्यांतून गरम हवा सतत वर सुटते, आणि भुगा हवा अडवत नाही, गाळतो फक्त. फटी आधी सीलंट आणि फोमने बंद करायच्या, चिमणीभोवती न जळणारा माल वापरायचा, मगच वरून थर घालायचा. हा क्रम उलटा होत नाही, कारण एकदा भुगा पडला की भोकं सापडत नाहीत. या कामाला अर्धा दिवस जातो, दिसत काहीच नाही, म्हणून ते सर्वांत आधी गाळलं जातं. कोटेशनमध्ये ही वेगळी ओळ नसेल तर ते काम होणार नाही असंच समजा.

बुरशीचं मूळही इथेच. वीस अंशांच्या, पन्नास टक्के आर्द्रतेच्या खोलीतल्या हवेला सुमारे नऊ अंशांवर दव सुटतं. अशी हवा गार माळ्यात शिरली की लाकडावर पाणी होणारच. ते वाळायला वारा लागतो, आणि वळचणीच्या फटी तर भुग्याने बंद केल्या होत्या. तिथे भुगा आणि छपराच्या फळ्या यांच्यामध्ये किमान पाच सेंटिमीटरचा मोकळा मार्ग राहील असे पुठ्ठ्याचे किंवा फळीचे आडोसे आधी बसवायचे असतात. भरीला, 'धूळ बसू नये म्हणून' वरून प्लास्टिकचा कागद अंथरला होता. थंड हवामानात बाष्परोधक कागद नेहमी गरम बाजूला, म्हणजे इन्सुलेशनच्या खाली जातो. वरून घातला की तोच कागद पाणी धरून ठेवतो. न्हाणीघराचा पंखाही माळ्यातच वाफ सोडत होता. त्याचा पाइप छपराबाहेर नेल्याशिवाय कामाला हात लावायलाच नको होता.

छतातले बसके दिवेही भुग्याखाली गाडलेले सापडले. हे मात्र जिवावरचं आहे. वरून झाकले तरी चालतील असं दिव्यावर लिहिलं नसेल तर त्यांच्यावर न जळणारी टोपी आणि तिच्याभोवती मोकळी जागा लागते. जाड वायरीही इन्सुलेशनखाली जास्त तापतात, म्हणून शक्य तिथे त्या वर उचलून घ्याव्यात. थर्माकोल वापरणार असाल तर प्लास्टिकच्या आवरणाची वायर त्याला चिकटू देऊ नका. आवरणातला मऊपणा थर्माकोल शोषून घेतो आणि वायर कडक होऊन तडकते.

भिंतीची गोष्ट छोटी आहे. बाहेरून साधारण मीटर-मीटरवर भोकं पाडून, काचलोकर (काचेच्या बारीक तंतूंची लोकर) फुंकून, भोकं सिमेंटने बुजवली होती. बाहेरून पाहता काम चोख. पण आतून बारीक कॅमेरा घातल्यावर खिडक्यांच्या वरचा सगळा भाग रिकामा निघाला. तिथे फक्त भोकं पाडून बुजवली होती. हिशेब तोच: भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले फटीची रुंदी, म्हणजे ८० गुणिले ०.०६, ४.८ घनमीटर. त्याला उत्पादकाने दिलेल्या घनतेने गुणा आणि पिशव्यांशी ताडून पाहा. काम सुरू करण्यापूर्वीही फटीत कॅमेरा घालून बघणं भाग आहे. आत चुन्याचे गोळे, विटांचे तुकडे पडलेले असले तर लोकर तिथे अडते आणि ओल बाहेरच्या विटेतून आतल्या विटेत येते. ज्या भिंतीवर पावसाचा सरळ मारा होतो, ती मुळात भरूच नये.

एका खोलीत चकचकीत फॉइलचा बुडबुड्यांचा कागदही लावला होता. जाडी आठ मिलिमीटर, आणि 'वीस सेंटिमीटर लोकरीच्या बरोबरीचा' हा दावा. असल्या दाव्याला एकच भागाकार पुरतो. मीटरमधली जाडी भागिले मालाचा लॅम्डा (त्यातून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा) केलं की त्याचा उष्णतारोध मिळतो, ज्याला आर म्हणतात. लोकरीचा लॅम्डा ०.०४ धरला तर वीस सेंटिमीटरला आर पाच येतो. बुडबुड्यांच्या कागदाला ०.०३५ धरून जेमतेम ०.२. फॉइलसमोर दोनेक सेंटिमीटरची स्तब्ध हवा असेल तर ती फट आणखी अर्धा-पाऊण देते. इथे कागद भिंत आणि बोर्ड यांच्यात दाबून बसवला होता, म्हणजे तेही गेलं. 'उष्णतारोधक' रंगाचं गणितही करून पाहा: अर्ध्या मिलिमीटरच्या थराला आर ०.०१ सुद्धा भरताना मारामार. आर दोन मापांत सांगतात हेही लक्षात ठेवा. फूट-इंचांच्या पद्धतीतला आकडा ५.६८ ने भागला की मेट्रिक आकडा मिळतो. एकक न लिहिलेला आर कोटेशनमध्ये चालवून घेऊ नये.

आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे ते लाल-निळे फोटो. काम विकताना भिंत लालभडक, काम झाल्यावर निळीशार. फोटोच्या कडेला तापमानाची पट्टी असते, ती वाचा. कॅमेरा रंग आपोआप ताणतो, त्यामुळे एका अंशाचा फरकही आग लागल्यासारखा दिसू शकतो. दोन्ही फोटोंना एकच पट्टी हवी, आत-बाहेर किमान दहा अंशांचा फरक हवा, आणि भिंतीवर ऊन पडलेलं नसावं. पहाट उत्तम.

करारात 'घराला इन्सुलेशन करून देणे' एवढंच लिहून घेतलं की भांडायला आधारच उरत नाही. असं लिहून घ्या: मालाचं नाव आणि लॅम्डा, बसल्यानंतरची किमान जाडी, प्रति चौरस मीटर किलो, एकूण पिशव्या, फटी बुजवण्याच्या जागांची यादी, वळचणीचे आडोसे, झाकण्यापूर्वीचे फोटो. शेवटचा तिसरा हिस्सा तपासणीनंतरच द्यायचा. हे ऐकून जो कंत्राटदार 'आज सही केली तरच हा दर' म्हणतो, त्याला तिथूनच निरोप द्यावा.

या घराची दुरुस्ती अशी झाली. आधी प्लास्टिक काढलं, ओला भुगा पोत्यांत भरून बाहेर नेला, कोरडा एका बाजूला ओढून फटी बुजवल्या. पंख्याचा पाइप छपराबाहेर काढला, आडोसे बसवले, दिव्यांवर टोप्या घातल्या. मग कोरडा भुगा परत पसरून त्यावर नवा घातला. टाकीखाली मात्र थर घातला नाही, तो टाकीच्या वरून आणि बाजूंनी घेतला, म्हणजे खालून येणाऱ्या उबेने पाणी गोठणार नाही. झाकणाच्या पाठीला जाड थर्माकोल चिकटवला आणि कडेला रबराची पट्टी लावली. भिंतीचा वरचा भाग नव्याने भरायचा आहे. त्यासाठी जुनी बुजवलेली भोकं पुन्हा उघडावी लागतील.