फळांचं फ्रोझन योगर्ट घरी करायचंय: कुठलं यंत्र घ्यावं, की बर्फ-मिठाचा पॉटच बरा?

आइस्क्रीम मेकर घ्यायचा विचार पक्का होत आला असेल, तर मोबाईलवर मॉडेलं चाळण्याआधी घरातला फ्रीज उघडा आणि फ्रीझरच्या कप्प्याची उंची पट्टीने मोजा. बेळगाव शहर असो, निपाणी-चिकोडी असो की खानापूरकडचं गाव, निम्मा निर्णय तिथेच होतो. उरलेला निम्मा दह्यावर ठरतो. कंपनी, रंग, बटणं हे सगळं त्यानंतर.

घरगुती यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची मिळतात. एकात दुहेरी भिंतीचं भांडं असतं. त्या भिंतींच्या मध्ये गोठणारं द्रावण असतं, ते भांडं आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवायचं. दुसऱ्यात यंत्राच्या पोटातच कॉम्प्रेसर असतो, भांडं गोठवायची भानगड नाही. याशिवाय आपल्याकडचा जुना लाकडी पॉट (बादलीत बर्फ-मीठ आणि मध्ये हँडलने फिरवायचा डबा) आहेच, आणि यंत्र न घेता फ्रीझर-मिक्सरवर भागवणारेही पुष्कळ आहेत. चारही रस्ते फ्रोझन योगर्टपर्यंत पोचतात, पण सगळे प्रत्येक घराला सोयीचे नाहीत.

भांडं गोठवायचं यंत्र

हे सगळ्यात स्वस्त, आकाराने लहान, आणि चार-पाच माणसांच्या घराला पुरेसं. पण त्याची अट कडक आहे. भांडं उणे १८ अंशांच्या आसपास १२ ते २४ तास राहायला हवं. डबल डोअर फ्रीजमध्ये हे जमतं. एकाच दाराच्या फ्रीजमध्ये वरचा बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा तेवढा थंड होत नाही, आणि भांडं उभं मावतही नाही. साधारण सोळा-सतरा सेंटीमीटर उंची आणि त्याहून थोडी जास्त रुंदी मोकळी हवी. दारावरचा बर्फाचा थर धरून नाही, तो काढून मोजा.

फ्रीझर किती थंड आहे हे कळायला थर्मामीटर नसला तरी चालतं. दुकानातून आणलेलं आइस्क्रीम एक रात्र आत ठेवा. सकाळी चमचा सहज रुतला तर तो फ्रीझर या यंत्राच्या कामाचा नाही. भांडं तयार झालंय का हे बघायचं तर कानाजवळ धरून हलवा, आत डुचमळल्याचा आवाज येता कामा नये.

वापरताना तीन गोष्टी सांभाळल्या की बाकी सोपं आहे. भांडं फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी आतून कोरडं ठक्क पुसायचं, नाहीतर पाण्याचा पातळ बर्फ भिंतीवर धरतो आणि थंडावा मिश्रणापर्यंत पोचत नाही. मिश्रण फ्रीजमध्ये रात्रभर गार करून मगच ओतायचं. आणि आधी फिरकी, म्हणजे मिश्रण ढवळणारं पातं, सुरू करायची, मग वरच्या भोकातून मिश्रण सोडायचं. उलट केलंत तर मिश्रण भिंतीला जागच्या जागी चिकटतं आणि फिरकी अडकते. वीस ते तीस मिनिटांत मऊ, चमच्यावर धरेल असं योगर्ट होतं. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, फिरताना हवा धरून ते फुगतं.

याची खरी मर्यादा म्हणजे एका गोठवणीत एकच घाणा. पाहुणे आले, आणखी हवं म्हणाले, तर दुसऱ्या दिवसाशिवाय उपाय नाही. दुसरं भांडं वेगळं विकत मिळत असेल तर सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

लाईटचं म्हणाल तर हे यंत्र आपल्या भागाला बरं सोसतं. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे हेस्कॉमची लाईट गेली की लवकर येईलच असं नाही. पण फ्रीझरचं दार उघडलं नाही तर गोठलेलं भांडं दोन-तीन तास टिकतं, आणि फिरकीची मोटर छोटी असल्याने घरच्या इन्व्हर्टरवर चालते.

कॉम्प्रेसरचं यंत्र

कॉम्प्रेसरवाल्याचं सुख वेगळंच आहे. मनात आलं, मिश्रण गार आहे, बटण दाबा. चाळीस मिनिटं ते तासाभरात एक घाणा, लगेच दुसरा, लगेच तिसरा. वजन दहा किलोच्या पुढे, म्हणजे त्याला ओट्यावर कायमची जागा द्यावी लागते. मागे-बाजूला हवा खेळायला वीतभर मोकळं सोडायचं. अथणी-रायबागकडे उन्हाळा बेळगाव शहरापेक्षा चांगलाच कडक असतो. तिथे दुपारच्या तापलेल्या स्वयंपाकघरात हे यंत्र जास्त वेळ घेतं, म्हणून सकाळी किंवा रात्री लावावं.

किंमत पहिल्या प्रकाराच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही वर. महिन्यातून एकदा करणाऱ्याने एवढे पैसे गुंतवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्याला दोनदा करणार असाल, घरात मधुमेही किंवा लहान मुलं असल्याने बाहेरचं बंद केलं असेल, किंवा घरून कप विकायचा विचार असेल, तरच ते वसूल होतं. विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या.

दोन खबरदाऱ्या. यंत्र गाडीतून आडवं आणलं असेल तर उभं करून निदान बारा तास ठेवा, मगच लावा. कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसावं लागतं. आणि मध्येच लाईट जाऊन आली तर लगेच चालू न करता पाच-दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखी सलग लहर न देणारा, असेल तर त्यावर हे यंत्र लावूच नका.

पॉट

आता पॉटबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या भागात तो अजून जिवंत आहे आणि नव्या यंत्रांच्या गर्दीत त्याला उगीच मोडीत काढलं जातं. पंचवीस माणसांचं घर, यात्रेला जमलेले पाहुणे, मे महिन्यात माहेरी आलेल्या लेकी आणि नातवंडं, अशा वेळी दीड लिटरचं कुठलंही यंत्र अपुरं पडतं. चार लिटरचा पॉट पुरतो.

त्याचं विज्ञान अगदी पक्कं आहे. बर्फात मीठ घातलं की तो शून्याच्या खाली वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढून घेतो. मिठाचं प्रमाण वजनाने २३ टक्क्यांपर्यंत नेलं तर तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं, म्हणजे घरच्या फ्रीझरपेक्षाही खाली. पण एवढं मीठ घालू नका. कडेचं मिश्रण झटकन घट्ट होतं, मधलं पातळ राहतं, आणि हँडल फिरेनासं होतं. चार-पाच वाट्या बर्फाला एक वाटी जाडं मीठ, थरावर थर, हे प्रमाण फ्रोझन योगर्टला बरोबर बसतं. दोन लिटरच्या पॉटला पाच-सहा किलो बर्फ धरा.

बर्फाच्या कारखान्यातली लादी पोत्यात घालून फोडायची, सुपारीएवढे तुकडे झाले पाहिजेत. मोठे खडे राहिले की मध्ये पोकळ्या राहतात आणि डबा सगळीकडून गार होत नाही. हा बर्फ खायचा नसतो, तो आत जाता कामा नये. बादलीच्या बाजूला जे भोक असतं ते बुजवू नका. खारं पाणी तिथून वाहिलं पाहिजे, नाहीतर ते डब्याच्या झाकणापर्यंत चढतं आणि सगळा घाणा खारट होतो. झाकण उघडण्याआधी वरचा बर्फ बाजूला करून झाकण ओल्या फडक्याने पुसून घ्या. उरलेलं खारं पाणी परसातल्या झाडांच्या बुंध्याशी ओतू नका.

पॉटचं योगर्ट दाणेदार होतं असं कोणी म्हणालं तर दोष बहुतेक दह्यातल्या पाण्याचा असतो. हाताने सलग फिरवलेल्या पॉटचं योगर्ट भांड्याच्या यंत्राइतकंच मऊ होतं. त्याची उणीव एकच, माणूस लागतो. पंचवीस-तीस मिनिटं हँडल फिरवायला दोघे-तिघे आळीपाळीने हवेत. नवरा-बायको दोघंच राहत असतील तर पॉट घेऊ नये.

यंत्र न घेता

मिश्रण पसरट डब्यात गोठवायचं, कडा धरल्या की काढून मिक्सरमधून फिरवायचं, पुन्हा गोठवायचं, असं तीनदा. चालतं, पण बर्फाचे कण जिभेला लागतात. त्यापेक्षा आम्रखंड फ्रीझरमध्ये ठेवून खाल्लेलं चांगलं. श्रीखंडात साखर चक्क्याच्या जवळपास बरोबरीने असते, म्हणून ते दगड होत नाही. फ्रोझन योगर्टमध्ये साखर त्याच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे त्याला फिरकी आणि हवा लागतेच. यंत्र कशासाठी घ्यायचं याचं उत्तर हेच आहे: कमी साखरेत मऊपणा. गोडाचं काही वावडं नसेल तर पैसे वाचवा.

दही आणि फळ

यंत्र कुठलंही असो, साधं दही तसंच ओतू नका. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के असतं, त्याचं पातळ दही गोठलं की बर्फाचा चुरा होतो. गवळ्याकडचं म्हशीचं दूध घ्या, नाहीतर ६ टक्क्यांचं फुल क्रीम. दही फार आंबट होऊ न देता लावायचं, पंचात बांधायचं, आणि टांगायचं ते बाहेर नाही, फ्रीजमध्येच चाळणीवर पाच-सहा तास. एप्रिल-मेमध्ये बाहेर टांगलेलं दही चक्का होईपर्यंत आंबून जातं. खाली जमलेलं पाणी कढीला किंवा भाकरीचं पीठ मळायला वापरता येतं.

माप असं: अर्धा किलो चक्का, ३०० ग्रॅम घट्ट गर, १२० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. चक्का आणि साखर पुरणयंत्रातून काढली तर गुठळी राहत नाही. गोठल्यावर गोडी कमी जाणवते, म्हणून कच्चं मिश्रण चाखताना किंचित जास्तच गोड लागलं पाहिजे. १२० ग्रॅमपैकी ३० ते ४० ग्रॅम साखर काढून तेवढी काकवी घातली तर योगर्ट आणखी मऊ राहतं. काकवीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, ते साध्या साखरेपेक्षा गोठणबिंदू जास्त खाली नेतं. आपल्याकडे गुऱ्हाळावर ताजी काकवी मिळते, बाहेरगावच्या पाककृतींतलं कॉर्न सिरप शोधत बसायची गरज नाही. दूध फाटायची भीतीही नाही, दही आधीच विरजलेलं असतं. चिकू आणि फणसाला काकवी सुरेख जाते. आंब्याला नको, त्याचा रंग आणि वास दोन्ही झाकले जातात.

फळांत सगळ्यात सोपा आंबा. धारवाडचा हापूस बाजारात आला की तो घ्या, गर घट्ट असतो, गाळावा लागत नाही. रसाळ आंबा असेल तर रस मंद आचेवर आटवून गार करा. फणसात बरका घ्यायचा, त्याचे गरे मिक्सरमध्ये एकजीव होतात. कापा तुकडे म्हणून वरून घालायला ठीक. खानापूरकडची जांभळं फ्रोझन योगर्टला फार चांगली: बिया काढायचा त्रास आहे, पण त्यांचा तुरटपणा दह्याच्या आंबटाशी जमून जातो आणि रंग कुठल्याही इसेन्सशिवाय गडद जांभळा येतो. करवंदं शिजवून गाळून घ्यावीत, चीक असतो. पेरू शिजवून बारीक चाळणीतून काढायचा.

स्ट्रॉबेरीत पाणी ९० टक्क्यांच्या वर. जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची आली की चिरून थोड्या साखरेत तासभर ठेवा, सुटलेला रस आटवा आणि मग मिसळा. कलिंगडाच्या वाटेला जाऊ नये. अननस, पपई, किवी कच्ची घातली तर त्यांतली एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतात आणि योगर्ट कडू होतं. त्यांचा गर एकदा खळखळून उकळला की हा दोष जातो.

यंत्रातून निघालेलं योगर्ट लगेच खायला मऊ असतं. गोळे काढायचे असतील तर झाकणाच्या पसरट डब्यात भरून, वर कागद किंवा प्लास्टिक चिकटवून तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते दुकानच्या आइस्क्रीमपेक्षा कडक लागणारच, फॅट आणि हवा दोन्ही कमी असतात. वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवावं. आठवड्याच्या आत संपवावं.

शेवटी, बाहेरून यंत्र मागवणाऱ्यांसाठी. मुलगा अमेरिकेत आहे, येताना तिकडचं स्वस्त यंत्र आणतो म्हणाला, तर नको म्हणा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. जड ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत, आणि कॉम्प्रेसरच्या यंत्राला ते मानवत नाही. दुबईहून आणलेलं आपल्या विजेवर चालतं, पिन तेवढी बदलावी लागते. मात्र फिरकी आणि झाकण प्लास्टिकचे असतात आणि तेच आधी तुटतात, तेव्हा कुठूनही घ्या, सुटे भाग इथे मिळतात का ते पैसे देण्याआधी विचारा.